गिरणीत गव्हाला सुट्टी

माणसं प्रवासाला निघताना आधी कपडे भरतात. मी आधी तांदळाचं पीठ भरते, मग तवा, आणि उरलेल्या जागेत कपडे. त्यामुळे चालताना माझ्या पिशवीतून देवळातल्यासारखा आवाज येतो आणि एसटीचा कंडक्टर मला भांडीवाली समजतो. यंदा थंडीत गुहागरहून बारामती-इंदापूरकडे निघाले तेव्हाही तेच झालं. आमचे यजमान सुपारीच्या बागेतून हात हलवत म्हणाले, "तवा आठवणीने परत आण, तुझं काय, तू येशीलच."

मला सिलिअ‍ॅक नावाचा आजार आहे, म्हणजे गहू वर्ज्य. रवा, मैदा, शेवया, पाव, बिस्किटं, ही त्याची सगळी पिलावळही वर्ज्य. चिमूटभर पोटात गेला तरी आतडी सुजतात, तोंड येतं आणि पुढे कित्येक दिवस अंगात त्राण राहत नाही. लहानपणी मी काडीसारखे पाय आणि माठासारखं पोट घेऊन वाडीत फिरत असे. वैद्य झाले, अंगारे झाले, जंतांची औषधं तर एवढी झाली की जंतांनाही माझी कीव आली असेल. आम्ही भात खाणारी माणसं. गहू आमच्याकडे सणाला आणि आजाऱ्याला. मी आजारी, म्हणून आजी मला रोज मायेने दुधात पाव कुस्करून घालायची. जितका पाव खावा तितकी मी आणखी आजारी, आणि जितकी आजारी तितका आणखी पाव. शेवटी मुंबईच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी "हिचा गहू बंद करा" असं सांगितलं आणि मी माणसात आले.

आईने त्याच आठवड्यात बाजारातून नवा लोखंडी तवा आणला. "हा सुलूचा. याला गव्हाने शिवायचं नाही," असं तिने घरात जाहीर केलं. तो तवा माझ्याबरोबर शाळेच्या सहलीला गेला, लग्नात रुखवतात बसला, बाळंतपणाला दवाखान्यात आला. हाडं ठिसूळ होणं ही या आजाराची म्हातारपणीची भेट, तेव्हा गेल्या वर्षी माझं मनगट मोडलं त्या वेळीही तो पलंगाखाली होता. आई गेली, तवा राहिला. तो मी कधी कुणाकडे एक रात्र ठेवलेला नाही.

आता प्रवासाचं कारण. आमच्या घराण्यातल्या मोत्याच्या कुड्या थोरल्या वहिनीकडे गेल्या आणि हा आजार माझ्या बहिणीच्या मुलीकडे, पल्लवीकडे आला. पल्लवी पुण्यात दातांची डॉक्टर आहे. तिने लग्नासाठी मुलगा निवडला. सचिन त्याचं नाव, नोकरी बारामतीच्या एका कंपनीत, घर भिगवणजवळ डाळजला. लग्नानंतर दोघं डाळजला राहणार, पल्लवी भिगवणला दवाखाना काढणार, असं सगळं छान ठरत आलं होतं. मग माझ्या बहिणीने सहज विचारलं, वडील काय करतात? वडिलांची पिठाची गिरणी. तीही घराला लागून, मधे एक दार.

उंदराने सासर शोधलं ते मांजराच्या घरी. बहीण दोन दिवस रडली. शेवटी पल्लवीनेच तोडगा काढला. सुलूमावशीने जाऊन राहून यावं. मावशी हो म्हणाली तर लग्न, नाही म्हणाली तर ती स्वतः सचिनला नाही सांगेल. आणि नंतर मला एकटीला फोन करून म्हणाली, "मावशी, नाही म्हणू नकोस गं. पण खोटं हो पण म्हणू नकोस." आयुष्यभर शाळेत मास्तरकी केली, पण एवढी अवघड परीक्षा कुणाची घेतली नव्हती.

बारामती

बारामतीला उतरल्यावर कोकणी माणसाला पहिल्यांदा चक्कर येते ती रस्ता सरळ आहे म्हणून. आमच्याकडे रस्ता चार वळणं घेतल्याशिवाय पुढे सरकत नाही. इथे तो नाकासमोर निघतो आणि उसाच्या ट्रॉल्या एकामागे एक अशा डुलत जातात की आपणच उगाच घाईत आहोत असं वाटतं. स्टँडवर सचिन घ्यायला आला होता. उंच, दाढीवाला, लाजरा. माझी पिशवी उचलताना तवा वाजला तेव्हा तो दचकला नाही, म्हणजे पल्लवीने तयारी करून घेतलेली दिसली.

चहाला बसलो. तो म्हणाला, "मावशी, मीबी गहू सोडलाय. तीन महिने झालं. पल्लवी खात न्हाय तर मी कशाला खाऊ?"

"अगदीच?"

"अगदीच. वडापावसुद्धा न्हाय."

मी त्याच्या दाढीकडे पाहिलं. हनुवटीच्या डाव्या बाजूला पावाचा चांगला मोठा तुकडा, वर थोडी लसणाची चटणी.

"सचिन, खोटं बोलायचं असेल तर आधी आरशात बघावं," मी म्हणाले.

त्याने दाढी चाचपली आणि कानापर्यंत लाल झाला. "एकच खाल्ला वो. तुमची गाडी लेट हुती. टेन्शन आलं हुतं." मग खाली बघत म्हणाला, "पल्लवीला सांगू नका."

मी सांगितलं नाही. पण एक गोष्ट मनात टिपून ठेवली. तो उठला, नळावर गेला, हात धुतले, चूळ भरली, दाढीला साबण लावला आणि मगच परत येऊन माझ्या पिशवीला हात लावला. त्याला एवढं कळत होतं तर माझी त्याच्या वडापावाबद्दल तक्रार नव्हती. नवऱ्यानेही गहू सोडलाच पाहिजे असं कुठे आहे?

भिगवण

उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी आले होते. सचिनने गाडी थांबवून दाखवले. गुलाबी पाय, गुलाबी पंख, आणि सगळे चिखलात माना घालून एकच गोष्ट खात होते. मी बराच वेळ बघत राहिले. एवढ्या लांबून पाहुणे येतात, आपलं ठरलेलं तेच खातात, आणि कुणीही त्यांना "एक पोळी तरी घ्याच" असा आग्रह करत नाही. मला त्यांचा हेवा वाटला.

दुपारी जेवायला शब्बीरभाईंच्या खानावळीत गेलो. भिगवणला येऊन मासे खाल्ले नाहीत तर कोकणात तोंड कसं दाखवणार? शब्बीरभाई स्वतः कढईसमोर होते. मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला, "तळताना माशाला काय लावता?"

"रवा. एकदम कुरकुरीत."

"मला गहू चालत नाही."

"मग बरुबर हाय की. रवाच हाय. मैदा आमी वापरतच न्हाय."

हा संवाद मी आयुष्यात इतक्या वेळा केला आहे की मला त्याची दोन्ही बाजूंची वाक्यं पाठ आहेत. रवा गव्हाचा असतो हे त्यांना पटवलं. त्यांनी सचिनकडे बघितलं, सचिनने खेदाने मान हलवली. मग मी पिशवीतून तवा काढला, तांदळाचं पीठ काढलं आणि म्हणाले, "या तव्यावर, या पिठात, नव्या तेलात भाजून द्या." खानावळीतली माणसं जेवायची थांबली. शब्बीरभाईंनी तवा हातात घेऊन उलटापालटा केला, जुनं लोखंड बघून आदराने बिस्मिल्ला म्हणाले आणि त्यावर चिलापी माशाचे तुकडे ठेवले.

मासा चांगला होता. थोडा मातीचा वास होता, पण आमच्या बांगड्यालाही वास असतोच, फक्त तो आपल्या घरचा वाटतो. मी तसं म्हटल्यावर शब्बीरभाई म्हणाले, "तुमचं समुद्राचं मासं आधीच खारट आसतंय. त्यात कुकची हुशारी काय?" माझ्या तव्यावरचा एक तुकडा त्यांनी स्वतः चाखला, जरा विचार केला आणि आतल्या बाजूला ओरडून सांगितलं, "तांदळाचं पीठ आणाय सांगा रं." तवा त्यांनी राखेने घासून, पुसून, दोन्ही हातांनी परत दिला.

डाळज

आता गिरणी. हमरस्ता सोडून आत वळलं की उसाच्या मळ्यापलीकडे पत्र्याची शेड, तिला चिकटून बैठं घर. शेडच्या दारावर खडूने भल्यामोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं: ‘गहू बंद’. त्याखाली बारीक अक्षरात: ‘पावनं येणार हायत’.

सचिनचे वडील, तात्या, दारात उभे होते. गिरणीवाल्याच्या भुवया पांढऱ्या असतात, यांच्याही होत्या, पण मी निरखून पाहिल्यावर ते घाईने म्हणाले, "ही पिकलेली हायत बाई. पीठ न्हाय."

हा मनुष्य काय करून बसला होता ते मला हळूहळू कळलं. आठवडाभर त्याने गव्हाचा दाणा दळला नव्हता. उसावर फवारायच्या पंपाने सगळी शेड आतून धुतली होती. जात्याचे दगड उचलून घासले होते. ज्वारीच्या चक्कीत आधी दोन पायल्या ज्वारी दळून ती म्हशीला घातली होती, म्हणजे आत राहिलेला गहू म्हशीच्या पोटात जावा. आणि हे त्याला कुणी सांगावं लागलं नव्हतं.

"हितल्या बायका दळण टाकताना पैलं काय इचारत्यात?" तात्या म्हणाले. "‘आदी काय दळलं?’ बाजरीवर गहू दळला आन् पोळी काळी झाली तर डबा माझ्या डोक्यात घालतील. मग गव्हावर ज्वारी कशी चालंल पोरीला? मला तर एका मिंटात समजलं."

मी सुखावले. डॉक्टरांना जे समजावताना माझे केस पांढरे झाले, ते दळणाच्या रांगेत सगळ्यांना आधीच ठाऊक होतं.

पण तात्यांनी आजार गावाला समजावून सांगितला होता, आणि तिथे घोळ झाला होता. समजावताना जरा जास्त रंग भरला होता. गावाची समजूत अशी झाली होती की गहू नुसता दिसला तरी त्या पोरीला फेफरं येतं, आणि तिच्या मावशीला तर येतंच येतं. मी ओसरीवर बसले होते आणि रस्त्याने जाणाऱ्या बायका दळणाचे डबे पदराखाली झाकून, तोंड फिरवून जात होत्या. एक गृहस्थ मोटरसायकलवर गव्हाचं पोतं घेऊन आले, मला बघून थबकले, खांद्यावरची घोंगडी काढून पोत्यावर पांघरली आणि मोटरसायकल ढकलत, आवाज न करता पुढे गेले. पोतं जणू झोपलेलं होतं.

फक्त एक बाई घाबरत नव्हती. शेडच्या पायरीवर एक म्हातारी गव्हाचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. ही शेजारची सकूआजी. परवा नातीचं बारसं, पुरणपोळीला पीठ पाहिजे, आणि गिरणी बंद.

"ह्याच का त्या?" तिने तात्यांना विचारलं. मग मला म्हणाली, "बाई, तुमचं किती दिवस हाय? जावई येणार हाय. त्याला काय भाकर वाढू?"

"आजी, मी उद्या जाते."

"उंद्या कधी? सकाळी का सांजच्याला?"

तात्या तिला म्हणाले, "आज्जे, भिगवणला जा की दळाय." त्यावर तिने असं पाहिलं की तात्याच शेडमध्ये गेले. माझ्या मनात आलं, अजून न झालेल्या सुनेसाठी या माणसाने एका गावाचं बारसं अडवलं आहे.

तात्यांचा पुढचा बेतही तयार होता. लग्न ठरलं तर गव्हाची चक्की हमरस्त्याच्या फाट्यावर हलवायची. घराजवळ फक्त ज्वारी आणि बाजरी. "आन् मी फाट्यावरनं आलो की भाईर न्हाणीत आंगुळ. कापडं भाईर. मौतीला जाऊन आल्यावर करतो तसंच. मगच उंबरा." ते हे इतक्या गंभीरपणे म्हणाले की मला हसूही येईना. गव्हाचं रोजचं सुतक पाळायला तयार असलेला सासरा मी पहिल्यांदाच बघत होते. गिरणीचा प्रश्न माझ्या मनात तिथेच निम्मा सुटला.

जेवायला सचिनच्या आईने, सुमनताईंनी, पानं मांडली. ज्वारीच्या भाकरी, वांग्याचं कालवण, ठेचा, आमटी. तवा नवा कोरा, पल्लवीसाठी आणलेला. मी तरीही विचारलं, "आमटीला हिंग कुठला?"

सुमनताईंनी डबी आणली. मी चष्मा लावून डबीवरचं बारीक अक्षर वाचून दाखवलं. बहुतेक डबीतल्या हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, याही डबीत होतं. तात्या डबीकडे बघत राहिले. "गावाचा गहू बंद केला," ते हळू म्हणाले, "आन् चोर आमच्याच फडताळात." हिंग उकिरड्यावर गेला, आमटी म्हशीला गेली. त्या आठवड्यात त्या म्हशीची चंगळ होती.

मग सुमनताईंनी वाटी ठेवली. तूप, वेलदोडा, ओल्या खोबऱ्याचा वास. "खपलीची खीर," त्या म्हणाल्या. "पाटंपासनं कांडलीय."

खपली म्हणजे गव्हाचीच एक जुनी जात. माझा हात मागे आला.

"खपली गहू न्हाय बाई," तात्या म्हणाले. "त्यो येगळा. शुगरवाल्यानला डाक्टर देत्यात. आमच्या आबांनी शेवटपर्यंत खाल्ली."

"तात्या, खपली गहूच आहे."

"एक घास. बघा तर खरं. काय बी व्हनार न्हाय."

"नको."

"माझ्यासाठी."

मी नाही म्हणाले. सचिन मधे पडला, तात्या त्याला म्हणाले तू गप, तुला काय कळतंय, तू शिकलाईस. आणि सुमनताईंचा चेहरा पडला. पहाटेपासून त्यांचे हात त्या खिरीत होते. त्यांनी वाटी उचलली, आत ठेवली आणि बाहेर येऊन मला हळूच विचारलं, "पोरगी आली आन् आमच्याच हातनं चुकलं तर वो?"

खरं सांगते, त्या संध्याकाळी मी मनात ‘नाही’ ठरवलं. पीठ धुता येतं, चक्की हलवता येते. पण माया कुठे हलवायची? माझ्या पोटात आयुष्यात जितक्या वेळा गहू गेला, तो वैऱ्याने नाही घातला. दुधात पाव कुस्करणाऱ्या आजीने घातला, ‘एका घासाने काय होतंय’ म्हणणाऱ्या मावश्यांनी घातला. पल्लवीला नाही म्हणणं जमणार नाही, ती ‘माझ्यासाठी’ या शब्दावर विरघळते. तिचा आवाज कानात होता आणि मला फार वाईट वाटत होतं. तात्या आवडले होते, हेच तर दुःख होतं.

नरसिंहपूर

सकाळी नरसिंहपूरला गेलो. तिथला नरसिंह त्यांचा कुलदेव. भीमा आणि नीरा इथे मिळतात, आणि घाटावर बसलं की पाणी इतकं संथ दिसतं की कुठली कोणती हे विचारू नये. आमच्याकडे नदी धावत सुटते आणि तासाभरात समुद्रात पडते. इथली नदी कुणाकडे निघालीय असं वाटतच नाही.

देवळात कुणीतरी नवस फेडला होता. एक बाई मोठं पातेलं घेऊन प्रसाद वाटत होत्या. मी लांबूनच ओळखलं, शिरा. रव्याचा.

आता हे सांगायला हवं. खीर नाकारता येते, लग्नातलं जेवण नाकारता येतं. प्रसाद नाकारणं मला पन्नास वर्षांत जमलेलं नाही. लहानपणी एका सत्यनारायणाला मी नाही म्हटलं तर भटजी म्हणाले, "देवाला नाही म्हणतेस?" तेव्हापासून माझी युक्ती ठरलेली. प्रसाद घ्यायचा, कपाळाला लावायचा, मुठीत धरायचा, आणि गर्दी बघून तुळशीत, गाईपुढे, नाहीतर सरळ रुमालात. माझ्या सगळ्या रुमालांना तुपाचे डाग आहेत. देवासमोर चोरी केल्यासारखं वाटतं, दर वेळी.

ती बाई माझ्यापुढे आली. मी नेहमीप्रमाणे हात पुढे केला. तेवढ्यात माझ्या हातावर दुसरा हात आडवा आला. सुमनताईंचा.

"थांबा," त्या वाटणाऱ्या बाईंना म्हणाल्या. "ह्यात काय काय हाय?"

"शिरा हाय की. परसाद."

"व्हय, पण घातलंय काय?"

"रवा, साखर, तूप, केळं."

"आन् हिंग?"

ती बाई चमचा हवेत धरून थांबली. "शिऱ्यात हिंग कोण घालतंय?"

"घालत न्हाईत ना? बरं. ह्यांना रवा चालत न्हाय. ह्यांच्या वाटचा मला द्या." आणि त्यांनी माझ्या वाटचा प्रसाद आपल्या तळहातावर घेतला, कपाळाला लावला, मला म्हणाल्या, "तुमच्या नावानं मी घेते. द्येवाला काय, पोचल्याशी मतलब."

"सुमे, तुझी शुगर," तात्या मागून म्हणाले.

"मग तुमी खा." त्यांनी दोन्ही वाटे तात्यांच्या हातावर ठेवले.

तात्यांनी आठवडाभर गहू खाल्ला नव्हता. त्यांनी डोळे मिटले, पहिला घास तोंडात घेतला आणि खांबाला टेकले. हरवलेला भाऊ जत्रेत भेटावा तसा त्यांचा चेहरा झाला. देवाला नमस्कार करायला आलेली माणसं त्यांना वळसा घालून जात होती. मग त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, ओशाळले, आणि कुणी न सांगता सरळ घाटावर हात-तोंड धुवायला गेले.

मला तिथे रडू आलं. रुमाल काढला तर त्याला जुना तुपाचा डाग. एवढी वर्षं जे मी विचारू शकले नाही, ते या बाईने देवाच्या दारात, मोठ्याने, हिंगासकट विचारलं. काल चुकली होती, तिला ते कळलं होतं, आणि आज ती माझ्या पुढे उभी होती. चुकणार नाही असं घर मला सहा दशकांत दिसलेलं नाही. पण विचारणारं घर दिसलं.

निरोप

परत डाळजला आलो. मी निघायची तयारी केली. सुमनताईंनी पाट मांडला, खण आणला, नारळ आणला, आणि मग सूप रिकामं हातात धरून उभ्या राहिल्या. ओटी. देशावर ओटी भरतात गव्हाने, आमच्याकडे तांदळाने. घरात गव्हाचा दाणा नाही, आणि असता तरी माझ्या पदरात तो कसा घालायचा?

पायरीवरची सकूआजी डबा घेऊन आत आली. बारसं उद्यावर आलेलं, ती माझ्या निघण्याच्या मुहूर्तावर नजर ठेवून होती. "वटी गव्हानंच भरत्यात," ती म्हणाली. "गव्हाबिगर वटी म्हंजी बिगर मिठाचं कालवण."

"ह्यांच्याकडं तांदूळ घालत्यात," सुमनताई म्हणाल्या.

"तांदूळ आपल्याकडं पिकतोय का?"

म्हातारी जरा वेळ माझ्याकडे, मग आपल्या डब्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आपल्याकडं काय पिकतंय? जुंधळा. घाला जुंधळा. लक्ष्मीच हाय ती बी. पण बिगीबिगी घाला, मला दळान हाय."

सुमनताईंनी ज्वारी आणली. टपोरी, मोत्यासारखी. माझ्या पदरात पाच वेळा घातली, खण-नारळ ठेवला, कुंकू लावलं. सकूआजीने आपले हात पदराला पुसले, मग तांब्यातल्या पाण्याने धुतले, आणि तिनेही एक ओंजळ घातली. "पोरीला सांगा," ती म्हणाली, "गिरणी फाट्यावर न्यायची तर न्या म्हणावं. पण सनाच्या आदल्या दिवशी बंद ठेवायची न्हाय."

मी सचिनला पिशवी गाडीत ठेवायला सांगितली. तो उचलायला गेला आणि थांबला. "मावशी, वाजली न्हाय."

"न वाजू दे," मी म्हणाले.

गाडी फाट्यावर पोचली तेव्हा मागे गिरणीचा पट्टा सुरू झाल्याचा आवाज आला. तात्यांनी मी दिसेनाशी होईपर्यंत धीर धरला होता, सकूआजीने बहुतेक धरू दिला होता. फाट्यावरच पल्लवीचा फोन आला. तिला दम धरवत नव्हता.

"मावशी, पास का नापास?"

"माझा तवा डाळजला राहिला," मी म्हणाले.

तिला तव्याची सगळी गोष्ट ठाऊक आहे. मग बारीक आवाजात म्हणाली, "विसरलीस?"

"विसरेन कशी? तुझ्या सासूच्या चुलीजवळ ठेवून आले."

ती रडायला लागली. रडता रडताच तिला काळजी सुचली, शेवटी माझीच भाची. "अगं, मग आता तू कशावर जेवशील?"

"तुझ्या सासरी येऊन जेवेन," मी म्हणाले, आणि पदरातली ज्वारी सांडू नये म्हणून गाठ घट्ट केली.